मोजलेले मरण

कॅलिफोर्नियात घोड्यांच्या शर्यतींचे नियमन करणाऱ्या मंडळाने २००६ साली मोठ्या रेसकोर्सना हुकूम सोडला: २००७ संपायच्या आत मातीचे ट्रॅक काढा, त्या जागी कृत्रिम पृष्ठभाग घाला, नाहीतर शर्यती भरवता येणार नाहीत. कारण उघड होते. घोडे शर्यतीत पाय मोडून मरत होते आणि ते लोकांना टीव्हीवर दिसत होते. हॉलिवूड पार्क, सांता अनिता, डेल मार आणि गोल्डन गेट फील्ड्स या चारही ठिकाणी लक्षावधी डॉलर खर्चून नवे ट्रॅक झाले. केंटकीतल्या कीनलँडने त्याच सुमारास स्वखुशीने तसाच ट्रॅक घातला, दुबईच्या मेयदानने २०१० मध्ये. आणि मग उलटा प्रवास सुरू झाला. सांता अनिता २०१० च्या डिसेंबरात मातीवर परतले, कीनलँड आणि मेयदान २०१४ मध्ये, डेल मार २०१५ मध्ये. कृत्रिम पृष्ठभागावर घोडे जास्त मरू लागले म्हणून ही माघार झाली असती तर त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. पण तिथे घोडे कमीच मरत होते. ते ठाऊक असताना माती परत आली. म्हणून हा वाद मला क्रीडा-पानावरचा वाटत नाही. ज्या मरणाची इच्छा कोणीही केली नव्हती, पण जे किती प्रमाणात येणार हे आधीच माहीत होते, त्या मरणाला हिंसा म्हणायचे की नाही, असा हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की मरणे मोजली जाईपर्यंत त्यांना दैव म्हणणे क्षम्य होते. मोजणी झाल्यावर नाही.

आधी मरण नेमके कसे येते ते पाहू. शर्यतीचा थॉरोब्रेड घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा असतो आणि ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावतो. चौखूर उधळताना एक क्षण असा येतो की ते सगळे वजन एकाच पुढच्या पायावर पडते, आणि वेगामुळे तो भार शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक होतो. त्या पायाला गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. नळीचे हाड, घोटा, त्यामागची दोन छोटी हाडे आणि त्यांना ताणून धरणाऱ्या शिरा, एवढेच. खूर जमिनीला लागतो, थोडा पुढे घसरतो, रुततो, घोटा खाली वाकत जवळजवळ जमिनीला टेकतो आणि पुन्हा उसळी घेतो. जमीन खुराला किती घसरू देते, किती रुतू देते आणि किती पटकन थांबवते, यावर हाडात किती धक्का जाणार ते ठरते. कॅलिफोर्नियात रेसकोर्सवर मेलेल्या घोड्यांचे शवविच्छेदन १९९० पासून होते आहे. त्यातून एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली: बहुतेक जीवघेण्या फ्रॅक्चरच्या जागी हाड आधीपासूनच बारीक तडकलेले असते. म्हणजे पाहणाऱ्याला जे आकस्मिक वाटते ते हाडाच्या दृष्टीने कित्येक आठवडे चाललेले असते. २००८ च्या केंटकी डर्बीत एट बेल्स ही घोडी दुसरी आली, रेषा ओलांडली, जॉकी तिचा वेग कमी करत होता, आणि तेवढ्यात तिचे पुढचे दोन्ही घोटे मोडले. तिला ट्रॅकवरच दयामरण देण्यात आले. घोड्याला महिनोन्‌महिने आडवे झोपवून ठेवता येत नाही, तीन पायांवर त्याचे वजन पेलत नाही. म्हणून आपल्याकडे माणसाला प्लास्टर घालून घरी पाठवतात तसल्या दुखापतीला तिथे मरण हाच उपचार ठरतो.

आता जमिनीकडे येऊ. माती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेत येते, पण रेसकोर्सवरची माती ही बनवलेली वस्तू आहे. वाळू, गाळ आणि चिकणमाती ठरावीक प्रमाणात मिसळून कडक थरावर आठ-दहा सेंटिमीटर मऊ गादी पसरतात. शर्यतींच्या मधल्या वेळात ट्रॅक्टरमागे दात्यांचा कुळव फिरतो, टँकरने पाणी मारतात. पाऊस येणार असे दिसले की वरचा थर दाबून घट्ट करतात, म्हणजे पाणी आत न मुरता उतारावरून कडेला वाहून जाते. अशा दाबलेल्या थरावर खुराला घसरायला वाव कमी आणि धक्का जास्त. पाऊस थांबला की तो थर पुन्हा मोकळा करायचा. त्यामुळे सकाळच्या जमिनीवर एक घोडा धावतो आणि दुपारच्या जमिनीवर दुसरा. कृत्रिम पृष्ठभागात वाळू, कापडाचे किंवा गालिच्याचे धागे आणि अनेकदा रबराचे तुकडे मेणात घोळवलेले असतात. पाणी सरळ खाली झिरपते, त्यामुळे पावसात थर दाबावा लागत नाही. ‘पॉलीट्रॅक’ मार्टिन कॉलिन्स यांनी इंग्लंडमध्ये विकसित केला, ‘टॅपेटा’ मायकेल डिकिन्सन यांनी. हे डिकिन्सन म्हणजे १९८३ च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये ज्यांचे पाच घोडे पहिल्या पाचांत आले ते ट्रेनर. शर्यत ज्यांना कळत नाही अशा कोणा प्राणिमित्राने हा पृष्ठभाग बाहेरून लादला, असे म्हणण्याची सोय नाही.

मोजणीला सुरुवात झाली ती २००८ च्या सुमारास, अमेरिकेतल्या जॉकी क्लबने दुखापतींची सामाईक नोंदवही उघडली तेव्हा. त्याआधी प्रत्येक रेसकोर्सला आपल्याकडचे मृत्यू अपवाद वाटत. नोंदवहीचा हिशेब दर हजार धावांमागे होतो. एका घोड्याने एका शर्यतीत भाग घेतला की ती एक धाव. २००९ मध्ये सरासरी दर हजारी दोन मृत्यू असा होता, २०२३ पर्यंत तो १.३२ वर उतरला. पृष्ठभागांनुसार पाहिले तर वर्षागणिक आकडे हलतात, पण माती आणि कृत्रिम यांचा क्रम हलत नाही. २०२१ चे आकडे घ्या: मातीवर दर हजारी १.५१, कृत्रिमवर ०.७३. एक लाख धावा मातीवर झाल्या तर एकशे एकावन्न घोडे, कृत्रिमवर झाल्या तर त्र्याहत्तर. आणि ही नोंदवहीसुद्धा हात राखूनच मोजते. शर्यतीनंतर बहात्तर तासांत मेलेला घोडाच तिच्यात धरला जातो. बार्बरोचा पाय २००६ च्या मे महिन्यात प्रीकनेस शर्यतीत मोडला आणि त्याला दयामरण मिळाले २००७ च्या जानेवारीत. या नियमाने तो शर्यतीचा बळी ठरत नाही. पहाटेच्या सरावात मेलेले घोडेही या दरात येत नाहीत.

इथे जैन विचाराचा आधार घ्यावासा वाटतो, कारण हिंसा म्हणजे काय याचा इतका बारकाईने खल आपल्याकडे दुसऱ्या कोणी केलेला नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केवळ प्राण घेणे अशी नाही. तिच्या मुळाशी प्रमाद आहे, म्हणजे बेसावधपणा, बेफिकिरी. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात. त्यांच्या मते जो सांभाळून वागत नाही त्याच्या हातून जीव मरो वा न मरो, हिंसा घडलीच. आणि जो पूर्ण काळजी घेतो त्याला केवळ जीव मेला एवढ्यावरून दोष लागत नाही. याच परंपरेत मुनीने चार हात पुढची जमीन पाहत चालावे असा नियम आहे, त्याला ईर्यासमिती म्हणतात. जैन मुनी घोड्यांच्या शर्यतीला जाणार नाही हे उघड आहे. पण पायाखालच्या जमिनीकडे पाहणे ही नैतिक कृती आहे, ही दृष्टी या वादात जितकी थेट लागू पडते तितकी क्वचितच कुठे पडत असेल. बौद्ध विचार कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत पाहतो. त्याचा उथळ अर्थ लावून रेसकोर्सवाले सुटू शकतात, कारण घोडा मरावा असा हेतू त्यांच्यात कोणाचाच नसतो. मालकाचे लाखो रुपये त्यात असतात, मोतद्दाराचा जीव त्याच्यावर असतो. प्रमादाच्या कसोटीवर मात्र सुटका नाही. तिथला प्रश्न ‘तुला काय हवे होते’ असा नसून ‘तुला काय माहीत होते आणि माहीत असूनही तू काय केलेस’ असा आहे. २००५ साली मातीवर शर्यत भरवणारा माणूस आणि आज भरवणारा माणूस बाहेरून एकच कृती करत आहेत. पहिल्याला जमिनीजमिनीतला फरक ठाऊक नव्हता. दुसऱ्यासमोर नोंदवही उघडी आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आकड्यांवरच आहे. कृत्रिम ट्रॅकवर धावणारे घोडे आणि मातीवर धावणारे घोडे सारखे नसतात, त्यांचे वय, वंश, दर्जा, सरावाची पद्धत वेगळी; मग फरक जमिनीचा कशावरून? शिवाय २०१८ च्या डिसेंबरपासून २०१९ च्या जूनपर्यंतच्या हंगामात सांता अनितात तीस घोडे मेले, जगभर ओरड झाली, आणि त्यानंतर ट्रॅक मातीचाच ठेवून तिथले मृत्यू खूप कमी करून दाखवण्यात आले. शर्यतीपूर्वी पशुवैद्यांची कडक तपासणी, औषधांवर निर्बंध, पावसात शर्यती रद्द करण्याची तयारी, एवढ्याने ते साधले. डेल मारची मातीही पुढे देशातल्या सर्वांत सुरक्षित ट्रॅकांत गणली जाऊ लागली. म्हणजे माती हा दोष नाही, निष्काळजीपणा हा दोष आहे, असे मातीचे कैवारी म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. हाडाला आधीच तडा गेला असेल तर तो वेळीच पाहणे हे कुठल्याही गादीपेक्षा महत्त्वाचे, हे शवविच्छेदनांनीच सांगितले आहे. पण हा युक्तिवाद कृत्रिम पृष्ठभागाच्या विरोधात जातो कसा, ते मला कळत नाही. तपासणी कडक केल्याने मातीवरचे मृत्यू घटतात. तीच तपासणी कमी धक्क्याच्या जमिनीवर केली तर ते वाढतील असे कोणी म्हणत नाही. आणि घोडे वेगळे आहेत म्हणून आकडे वेगळे, हे एका वर्षापुरते पटले असते. दहा-बारा वर्षे, वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या घोड्यांवर फरक एकाच दिशेला झुकत असेल तर पुरावा देण्याची जबाबदारी आता मातीवाल्यांची आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. कृत्रिम पृष्ठभाग म्हणजे जादू नव्हे. सांता अनितात घातलेल्या पहिल्या पृष्ठभागातून २००८ च्या जानेवारीत पाणीच उतरेना, शर्यतींचे दिवस वाया गेले आणि वर्षभराच्या आत ट्रॅक बदलावा लागला. उन्हात मेण मऊ पडते, थंडीत आखडते. कॅलिफोर्नियात तर सकाळी आणि दुपारी एकाच ट्रॅकचे दोन स्वभाव दिसत. हाडे कमी मोडतात पण शिरा आणि मागचे पाय जास्त दुखावतात, अशी ट्रेनरांची तक्रार होती. यातले पाणी न उतरणे, मेण पातळ होणे हे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. टोरोंटोच्या वुडबाइनमध्ये २००६ पासून मुख्य ट्रॅक कृत्रिमच आहे, आणि तिथे थंडी काय असते ते सांगायला नको. शिरांच्या दुखापतींचा मुद्दा मी हलका मानत नाही. दुखावलेला घोडा हाही सोसतोच. पण शीर दुखावलेला घोडा तबेल्यात परत जातो, हाड मोडलेला जात नाही. दोन्ही एकाच तराजूत टाकून ‘फरक नाही’ असा निष्कर्ष काढणे मला बरोबर वाटत नाही.

माझ्या मते माघारीची खरी कारणे या दोन्ही आक्षेपांत नाहीतच. २००८ च्या ब्रीडर्स कपमध्ये, सांता अनिताच्या कृत्रिम ट्रॅकवर, अमेरिकेचा त्या काळचा सर्वश्रेष्ठ घोडा कर्लिन ‘क्लासिक’ या मुख्य शर्यतीत चौथा आला आणि ती जिंकली युरोपातून आलेल्या रेव्हन्स पासने. अमेरिकेतला घोड्यांच्या पैदाशीचा धंदा मातीवरच्या वेगावर उभा आहे. कुठल्या वळूला किती भाव, कुठल्या शिंगरावर किती बोली, याचे सगळे गणित मातीवरच्या विजयांवर बसलेले. जमीन बदलली की गणित बदलते आणि पैज लावणाऱ्याची जुनी कोष्टके निरुपयोगी होतात. मातीवर परतल्यावर कीनलँडला २०१५ चा आणि डेल मारला २०१७ चा ब्रीडर्स कप भरवायला मिळाला. हे सगळे उघडपणे बोलले जात नाही. बोलली जाते ती परंपरा. केंटकी डर्बी १८७५ पासून मातीवर आहे, सेक्रेटेरिअट या घोड्याचे १९७३ चे विक्रम मातीवरचे आहेत, मेणाच्या गादीवर धावणारी ती शर्यत कसली? पण थॉरोब्रेड ही जातच इंग्लंडमध्ये गवतावर घडली. अमेरिकेने ती मातीवर आणली तेव्हा तोही परंपराभंगच होता. महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यती गवतावर होतात, आणि तिथे येणाऱ्या कोणाला आपण शर्यतीची पातळ आवृत्ती पाहतो आहोत असे वाटल्याचे ऐकिवात नाही.

परंपरेचा हा युक्तिवाद मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. बैलगाडा शर्यतींवरून २०१४ ते २०२३ पर्यंत आपल्याकडे जे चालले ते यापेक्षा फार वेगळे नव्हते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलाची शरीररचनाच शर्यतीसाठी नाही असे म्हणत बंदी घातली, त्या वेळी तुलनेला घोडा होता: घोडा धावण्यासाठी घडलेला आहे, बैल नाही. पुढे कायदे बदलले आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने ते उचलून धरले. मला त्या तुलनेतली एक गोष्ट खटकते. कळपातला घोडा धावण्यासाठी घडला आहे हे खरे. पण पाचशे किलोचे धड आणि इतके बारीक पाय, हा सांगाडा निसर्गाने नाही, तीनशे वर्षांच्या निवडक पैदाशीने, म्हणजे माणसाने घडवला. घोड्याला धावायला आवडते हेही खरेच. पण कधी, किती, कोणाला पाठीवर घेऊन, कशावरून धावायचे हे तो ठरवत नाही. जो देह आपण नाजूक बनवला त्याच्या पायाखाली काय घालायचे ही निवडही आपलीच असेल, तर मोडलेल्या हाडासाठी निसर्गाकडे बोट दाखवता येत नाही.

मग दोष कोणाचा? मालक म्हणतो ट्रॅक माझा नाही, रेसकोर्स म्हणते घोडा माझा नाही, ट्रेनर म्हणतो वेळापत्रक माझे नाही, जॉकी म्हणतो मी फक्त बसलो. मनुस्मृतीच्या एका विधानाची इथे आठवण होते. ती १९२७ साली महाडला का जाळली गेली हे मराठी माणसाला ठाऊक आहे आणि ते योग्यच होते; पण मांसाच्या प्रकरणात तिने एक गोष्ट नेमकी पकडली आहे. पशूला मारण्याचा दोष सुरी चालवणाऱ्यावर थांबत नाही, तो अनुमती देणारा, विकणारा, विकत घेणारा, रांधणारा, वाढणारा आणि खाणारा या सगळ्यांवर पसरतो. शर्यतीत खाणाऱ्याच्या जागी पैज लावणारा आहे. सगळा डोलारा त्याच्या पैशावर चालतो, आणि कुठल्या पृष्ठभागावर तो जास्त पैसा लावतो याची रेसकोर्सला खडान्‌खडा माहिती असते. दोष वाटला गेला म्हणून प्रत्येकाच्या वाट्याचा नाहीसा होत नाही, एवढेच त्या विधानातून घ्यायचे.

शेवटचा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. शर्यत हीच मुळात हिंसा आहे. माणसाच्या करमणुकीसाठी आणि जुगारासाठी हजारात दीड घोडा मारणे पाप असेल तर पाऊण घोडा मारणे पुण्य कसे? मऊ जमिनीची चर्चा ही पापाला मेण लावून चकाकी आणण्यासारखी नाही का? जैन गृहस्थधर्म घरकाम, उद्योग आणि आत्मरक्षण यांत अटळपणे होणारी हिंसा समजून घेतो, शर्यत त्यातल्या कशातच बसत नाही, हेही या आक्षेपकाच्या बाजूचे आहे. त्याचे तत्त्व मला मान्य आहे. त्यातून तो काढतो तो निष्कर्ष मान्य नाही. शर्यती उद्या बंद होणार असतील तर प्रश्न मिटला. पण परवाही त्या होणार असतील तर परवाच्या घोड्याला तत्त्वाचा उपयोग नाही, जमिनीचा आहे. लाख धावांमागे कृत्रिम ट्रॅकमुळे वाचलेले अठ्ठ्याहत्तर घोडे कोणते, हे कधीच कळत नाही. ते धावतात, हरतात, संध्याकाळी चंदी खातात, आणि आपण वाचलो याची त्यांना किंवा त्यांच्या मालकांना खबरही नसते. मेलेल्या घोड्याला नाव असते, वाचलेल्याला नसते, म्हणून वाचवण्याच्या बाजूने कोणाचा आवाज चढत नाही. या बिननावाच्या घोड्यांसाठी काही करायला नकार देणे हाही प्रमादच आहे. मात्र आक्षेपकाचे एक म्हणणे रेसकोर्सवाल्यांनी ऐकलेच पाहिजे: हजारी पाऊण म्हणजे सुरक्षित नव्हे, आणि कृत्रिम ट्रॅक घातला म्हणून ‘आमच्याकडे घोडा सुरक्षित आहे’ अशी जाहिरात करण्याचा अधिकार मिळत नाही.

अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरात शर्यतींसाठी केंद्रीय कायदा झाला, २०२२ च्या जुलैपासून ट्रॅकच्या सुरक्षिततेचे सामाईक नियम लागू झाले. २०२३ च्या वसंतात चर्चिल डाउन्सवर डर्बीच्या आगेमागे बारा घोडे मेले, शर्यती दुसऱ्या रेसकोर्सला हलवाव्या लागल्या, चौकशी झाली आणि कुठलेही एक कारण सापडले नाही. सापडणारही नव्हते, कारण प्रमादाला एक कारण नसते. न्यूयॉर्कच्या नव्याने बांधल्या जाणाऱ्या बेलमाँट पार्कच्या आराखड्यात कृत्रिम ट्रॅकला जागा दिली आहे, पण मुख्य ट्रॅक मातीचाच. केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट स्टेक्स या तिन्ही शर्यती आजही मातीवरच होतात.